बोटभर सावली

हजर डोंगराच्या पोटातून एक पाट निघतो.
ओमानात त्याला फलज म्हणतात.
गावात पोचेतो मांडीइतका रुंद,
मग पाळीपाळीनं बागांत शिरतो,
कुणाच्या वाट्याला सकाळ, कुणाच्या मध्यरात्र.
घड्याळं सगळ्यांच्या मनगटावर आहेत,
पण दिवसाचं पाणी अजून सावलीचंच ऐकतं.

मशिदीमागे एक काठी रोवलेली,
पुढे ओळीनं दगड.
या दगडावरून त्या दगडावर सावली गेली
की एक अथर झाला,
म्हणजे अर्ध्या तासाचं पाणी.
'अथर म्हणजे मागे उरलेली खूण,' मुहन्ना म्हणाला.
आमच्याकडे याच शब्दाचा असर झालाय,
हे मी मनातच म्हटलं.

मी तिथं पंप बसवायला गेलो होतो.
मुहन्ना बिन खलफान पाळ्यांचा हिशेब ठेवतो.
खजुरातल्या बिया काढत, मान वर न करता
त्यानं सांगितलं:

सोळा वर्षांचा होतो.
बापाची पाळी संपत आलेली,
पुढची विधवा शम्साची.
बाप नमाजाला गेला, मी दगड सरकवला.
फार नाही, बोटभर.
पाप म्हणावं इतकंही नाही.
पाळी झाली की दगड परत जागेवर.
दर आठव्या दिवशी.
अकरा वर्षं.

शम्साच्या लिंबांनी आधी पानं मुडपली,
मग फळं बोराएवढी.
तिनं आळी खोल केली, खत घातलं,
तिला वाटलं, आपल्याच हाताला यश नाही.
शेवटी मुलानं तिला सोहारला नेलं.
दाराला कुलूप. कुलपाला गंज.

ओस बागेत वेडी बाभूळ माजली.
ती पाळी मानत नाही, दगड मानत नाही.
मुळं पाण्याच्या वासानं खाली गेली
आणि तिच्या भिंतीखालून जाणारा पाट
आतून फोडून बसली.
त्या पाटावर पुढे बाग कुणाची?
माझी.

तीन उन्हाळे माझ्या माडांचे शेंडे पिवळे.
मग खणलं. कुऱ्हाड घेऊन मीच उतरलो.
मूळ दंडाएवढं.
घाव घातला तर आतून पाणी पाझरलं.
अल्लाचा न्याय वगैरे मी बोलत नाही,
तो त्याचा तो जाणे.
मूळ पाहिलं, तेवढं सांगतो.

शम्साला फोन केला. सगळं सांगितलं.
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाली, 'बोटभरासाठी
मी इतकी वर्षं माझ्या हातांना शिव्या दिल्या.'
आणि ठेवला.

एवढं बोलून मुहन्ना परत बियांकडे वळला.
काढलेल्या बिया तो मोजत होता की काय, कळेना.

समोर त्याचा नातू हुमैद दारं धरून उभा.
सावली दगडाला टेकली.
पोरानं माझ्याकडे पाहिलं, आजोबाकडे पाहिलं,
मग उगाच आभाळात.
दार लावायचा चिंध्यांचा बोळा
त्याच्या पायाच्या अंगठ्याखाली
तसाच दबलेला.

म्हातारा तो अंगठा बघत राहिला.
जुनी ओळख लागावी तसा.
'सावली गेली, हुमैद.'
'बोटभरच तर गेली.'

मुहन्ना उठला. गुडघे वाजले.
पोराचं मनगट धरून त्याला घेऊन गेला
गंजक्या दारातून आत.
बाभळीची खोडं जळून काळी पडलेली,
त्यांच्यामध्ये लिंबाची नवी रोपं,
गुडघ्याएवढी, सात,
मुहन्नाच्या पाळीतलं पाणी पिणारी.
अजून एकालाही फूल नाही.
'बोटभर म्हणजे हे,' तो म्हणाला,
'या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.'
पोरानं खरंच भिंतीपर्यंत पाहिलं.

मागे पाणी चालूच होतं, दुसऱ्याचं,
मुहन्नाच्या वाफ्यात.
आम्ही तिघंही विसरलो होतो.
मी धावलो, बोळा ओढला, दार लावलं.
परत येताना पाहिलं,
धुळीत माझी ओली पावलं उमटलेली,
ऊन त्यांना कडेकडेनं पुसत होतं.